ब्रिटनच्या किनाऱ्यावर चांगलं फिश अँड चिप्स कसं शोधायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनमध्ये आलेली मराठी मंडळी आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणारे आई-बाबा, सासू-सासरे, दरवर्षी साधारण हेच प्रश्न विचारतात. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. तीच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून अधूनमधून दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फिश अँड चिप्स मागवलं की ताटात नेमकं काय येतं?

पांढऱ्या माशाचा काटे काढलेला एक मोठा तुकडा, मैद्याच्या पातळ पिठात बुडवून तळलेला, आणि सोबत बोटाएवढे जाड बटाट्याचे चिप्स. हे चिप्स बर्गरच्या दुकानातल्या फ्राइजसारखे कुरकुरीत नसतात. बाहेरून जेमतेम कडक आणि आतून मऊ, असेच ते असायला हवेत. माशाला काहीही लावून मुरवत नाहीत. ना हळद, ना तिखट, ना आलं-लसूण. पिठाच्या आवरणात तो स्वतःच्याच वाफेवर शिजतो आणि बाहेरचं आवरण तेवढं तळलं जातं. तळलेल्या सुरमईची चव मनात धरून गेलात तर पहिला घास अळणी लागेल. त्यावरचा उपाय प्रश्न १३ मध्ये आहे.

२. समुद्रकाठचं गाव म्हणजे मासा सकाळीच बोटीतून उतरलेला असणार ना?

बहुतेक ठिकाणी नाही. खिडकीतून बंदर दिसतं, बोटी दिसतात, म्हणून ताटातला मासाही त्याच बोटींतून आला असेल असं वाटतं; पण ब्रिटनमध्ये खाल्ला जाणारा बराचसा कॉड आणि हॅडॉक (या पदार्थातले दोन नेहमीचे मासे) आइसलँड, नॉर्वे, फॅरो बेटं आणि बॅरेंट्स समुद्राकडून येतो. त्यातला पुष्कळसा मोठ्या जहाजांवरच, पकडल्यापासून काही तासांत कापून गोठवलेला असतो. किनाऱ्यावरच्या छोट्या बोटी बऱ्याचदा खेकडे, शेवंड, शिंपल्यांच्या मागे असतात आणि तो माल मुख्यतः हॉटेलांत किंवा थेट युरोपात जातो.

याला इतिहास आहे. आइसलँडने आपली सागरी हद्द वाढवत नेली आणि १९७५ मध्ये ती २०० मैलांवर नेऊन ठेवली. त्यावरून ब्रिटनशी झालेल्या संघर्षाला कॉड युद्धं म्हणतात. १९७६ मध्ये तडजोड झाली, ती आइसलँडच्या बाजूने. हल आणि ग्रिम्सबी या बंदरांतल्या लांब पल्ल्याच्या बोटींचा धंदा त्यानंतर बसला. ग्रिम्सबीत आजही माशांचा मोठा बाजार आणि प्रक्रिया उद्योग आहे, पण माल मुख्यतः बाहेरून येतो.

गोठवलेला म्हणजे वाईट, असं मात्र समजू नका. जहाजावर लगेच गोठवलेला कॉड हा चार दिवस बर्फात लोळलेल्या ‘ताज्या’ कॉडपेक्षा बरा असतो. मुंबईत बाजारात जाऊन कल्ले उघडून मासा पारखणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. पण या पदार्थाची पारख बंदरावर होत नाही, ती तळणीपाशी होते.

३. मग किनाऱ्यावर जायचंच कशाला? घराजवळच्या दुकानात खाल्लं तर?

खुशाल खा. हा पदार्थ मुळात समुद्रकाठचा नाहीच. तळलेला मासा लंडनमध्ये आणला तो स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या ज्यू कुटुंबांनी. चिप्ससोबत तो विकणारं पहिलं दुकान कुठलं, यावर दोन दावे आहेत: लंडनच्या ईस्ट एंडमधलं जोसेफ मालिन यांचं, साधारण १८६० चं, आणि लँकेशरमधल्या मॉसली गावातलं जॉन लीस यांचं, साधारण १८६३ चं. दोन्ही जागी समुद्र नाही. वाफेवरच्या बोटींनी मासा भरपूर आणला, रेल्वेने तो रातोरात गिरणगावांत पोचवला आणि कामगारांना परवडेल असं गरम जेवण तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात बाकी बऱ्याच गोष्टींना रेशन लागलं, या पदार्थाला लागलं नाही.

किनाऱ्यावर जाण्याची खरी कारणं दोन. पहिलं, उन्हाळ्यात तिथल्या चांगल्या दुकानात दिवसभर गिऱ्हाईक असतं, त्यामुळे मासा तळणीतून थेट तुमच्या हातात येतो. दुसरं, काही मोजक्या जागी मासा खरोखर तिथल्या पाण्यातला असतो. स्कॉटलंडचा ईशान्य किनारा आणि शेटलंड इथला हॅडॉक जवळच्या समुद्रातला मिळू शकतो. ब्रिटनचं सर्वांत मोठं मासेमारी बंदर पीटरहेड तिथेच आहे. कॉर्नवॉलमध्ये न्यूलिन बंदरावर उतरणारा हेक हा पांढरा मासा, आणि हेस्टिंग्जला, जिथे बोटी अजून वाळूगोट्यांच्या किनाऱ्यावरून ढकलून पाण्यात नेतात, तिथला प्लेस नावाचा चपटा मासा, हेही तसेच. या गावांत फळ्यावर स्थानिक माशाचं नाव लिहिलेलं दिसलं तर कॉडचा हट्ट सोडा आणि तो घ्या.

४. अनोळखी गावात चार दुकानं एका ओळीत आहेत. बाहेरूनच चांगलं कोणतं ते कसं ओळखायचं?

आधी वास. चांगल्या दुकानाबाहेर तळणाचा वास येतो, जळक्या तेलाचा येत नाही. दहा पावलांवरून घशात खवखवायला लागलं तर पुढे चला.

मग पाटी वाचा. पिझ्झा, कबाब, तळलेली कोंबडी, बर्गर आणि शेवटी मासा, अशी यादी असेल तर तिथे मासा कमी खपतो. जो कमी खपतो तो तळणीच्या वरच्या काचेच्या गरम कपाटात पडून राहतो. हे कपाट नीट बघा. वडापावच्या गाडीवर आपण नवा घाणा निघतोय का ते बघूनच थांबतो, इथेही तोच नियम. भर गर्दीत कपाटातला मासा दोन-तीन मिनिटांचाच असतो, तेव्हा चिंता नको. दुपारी तीन वाजता, दुकान रिकामं असताना त्याच कपाटात चार तुकडे घाम गाळत बसलेले दिसले तर काउंटरवर शांतपणे सांगा की आम्हाला आत्ता तळलेला हवा, थांबायची तयारी आहे. चांगलं दुकान हो म्हणतं आणि सहा-आठ मिनिटं मागतं. कपाळाला आठ्या पडल्या तर उत्तर मिळालं.

रांगेत कोण आहे तेही बघा. कॅमेरे लटकवलेली माणसं काही सांगत नाहीत. मंगळवारी दुपारी बारा वाजता पेन्शनवाली आजी-आजोबा मंडळी आणि रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतले कामगार उभे असतील तर डोळे मिटून उभे राहा.

शेवटची परीक्षा पैसे दिल्यानंतरची आहे, पण पुढच्या वेळी उपयोगी पडते. मासा काट्याने मधोमध उघडा. पाकळ्या सुटून याव्यात, त्यांवर ओलसर चमक असावी. आवरण आणि मासा यांच्यामध्ये कच्च्या पिठाचा चिकट थर असेल तर तेल पुरेसं तापलेलं नव्हतं किंवा घाई झाली. आवरण काळपट तपकिरी आणि कडवट असेल तर तेल म्हातारं झालंय.

५. कॉड घेऊ की हॅडॉक?

जिथे आहात तिथले लोक खातात तो घ्या. यॉर्कशर आणि स्कॉटलंडमध्ये हॅडॉक, लंडन आणि दक्षिणेकडे कॉड. कारण चवीपेक्षा खपाचं: जो जास्त खपतो तो जास्त ताजा तळला जातो. कॉडच्या पाकळ्या मोठ्या, चव सौम्य. हॅडॉक जरा बारीक आणि किंचित गोडसर. माझं मत विचाराल तर मासा खात वाढलेल्या माणसाला हॅडॉक जास्त आवडेल. कॉड त्याला पाणचट वाटण्याची शक्यता आहे. यॉर्कशरमध्ये मासा बहुधा कातडी काढून तळतात, दुसरीकडे पुष्कळदा कातडीसकट.

प्लेस हा लेपीच्या जातीचा चपटा मासा. तुकडा पातळ असतो, त्यामुळे आवरण आणि मासा यांचं प्रमाण बिघडतं, पण ताजा असेल तर तिन्हींत तोच चविष्ट. रॉक सॅल्मनसाठी प्रश्न १६ पाहा.

६. आम्ही बीफ खात नाही. मासाच तर आहे, मग काळजीचं काय कारण?

कारण तळण्याचं माध्यम. यॉर्कशर आणि ईशान्य इंग्लंडमध्ये, आणि इतरत्रही जुन्या वळणाच्या अनेक दुकानांत, बीफ ड्रिपिंगमध्ये म्हणजे गोवंशाच्या वितळवलेल्या चरबीत तळतात. मासा त्यातच आणि चिप्सही त्यातच. दुकानदाराला याचा अभिमान असतो आणि तो पाटीवरही लिहितो, पण ती पाटी शोधायची कुठे हे माहीत असायला हवं. दक्षिणेत पाम, सूर्यफूल किंवा रेपसीड तेल जास्त सापडतं, स्कॉटलंडमध्ये दोन्ही.

प्रश्न कसा विचारता यावर उत्तर अवलंबून आहे. ‘हे व्हेजिटेरियन आहे का’ असं चिप्सबद्दल विचारलंत तर काउंटरवरचा सोळा वर्षांचा मुलगा प्रामाणिकपणे हो म्हणेल, कारण त्याच्या दृष्टीने तो बटाटा आहे. ‘व्हॉट डू यू फ्राय इन?’ एवढंच विचारा. उत्तर ड्रिपिंग किंवा बीफ फॅट असेल तर पुढचा प्रश्न: वेगळ्या तेलाची तळणी आहे का, आणि चिप्सही त्यातूनच देता का? काही दुकानं मासा वेगळ्या तेलात तळून देतात आणि चिप्स मात्र नेहमीच्या तळणीतून उचलतात. दोन्ही नावं घेऊन विचारलं तरच खात्री होते.

व्हिटबी, स्कारबरो, फाइली, ब्रिडलिंग्टन या पट्ट्यात जाताना उलटं सांगितलं जाईपर्यंत ड्रिपिंगच आहे असं धरून चाला. रांगेत शिरण्याआधी विचारा; चाळीस मिनिटं उभं राहून मग मागे फिरण्यात मजा नाही. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. असा फोन तिथे कोणालाही विचित्र वाटत नाही.

७. बरोबर एक पूर्ण शाकाहारी माणूस आहे. त्याने काय खायचं?

तेलात तळणारं दुकान सापडलं (प्रश्न ६) तर चिप्स, मशी पीज म्हणजे वाळवलेले मोठे वाटाणे भिजवून गाळ होईपर्यंत शिजवलेले, आणि बेक्ड बीन्स. अनेक ठिकाणी पिठात तळलेलं हलूमी चीज किंवा केळफुलाचा ‘मासा’ मिळतो. केळफूल सोलायला घरी किती वेळ जातो हे माहीत असलेल्यांनी किंमत बघून रागावू नये. मासा आणि भाज्या एकाच तळणीत पडतात का, हेही विचारून घ्या. छोट्या दुकानात उत्तर बहुधा हो असतं.

८. बिअर, हलाल, ग्लूटेन: यातलं काय कुठे लपलेलं असतं?

बिअर काही दुकानांच्या पिठात असते, सगळ्यांच्या नाही. साध्या पाण्याचं पीठ भिजवणारी दुकानं पुष्कळ आहेत. हलाल पाळणाऱ्यांनी पीठ आणि चरबी दोन्ही विचारावं. ग्लूटेन मैद्यात आहे आणि त्याच तेलातून चिप्समध्येही उतरतं. बरीच दुकानं आठवड्यातला किंवा महिन्यातला एक दिवस ग्लूटेनमुक्त तळणीसाठी ठेवतात. कायद्याने ठरवलेल्या १४ ॲलर्जीकारक घटकांबद्दलची माहिती दुकानाला द्यावीच लागते, त्यामुळे विचारायला संकोच नको. व्हिनेगरचा मुद्दा प्रश्न १२ मध्ये आहे.

९. नेमक्या कोणत्या गावाला जाऊ?

कुठून निघणार त्यावर आहे.

लीड्स-यॉर्ककडचे लोक व्हिटबीला जातात आणि बरोबर करतात. बंदर, टेकडीवरचं उद्ध्वस्त ॲबी (ख्रिस्ती मठ), तिथवर जाणाऱ्या १९९ पायऱ्या आणि दर वीस पावलांवर एक तळणी. मॅगपाय कॅफेची रांग प्रसिद्ध आहे. क्वेसाइड हे दुकान २०१४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत (प्रश्न १०) देशात पहिलं आलं होतं. रेल्वेने जायचं तर मिडल्सबरोहून, आणि गाड्या दिवसाला मोजक्याच. परतीची वेळ आधी बघा, नाहीतर मासा हातात आणि गाडी पुलावर. लीड्सहून थेट बसही आहे, तिचा रस्ता मोकळ्या माळरानांवरून जातो आणि तो स्वतःच बघण्यासारखा आहे. गर्दी नको असेल तर आणखी दक्षिणेला हॉर्नसी. तिथलं व्हाइटहेड्स २०२३ चं विजेतं. रेल्वे नाही, हल किंवा बेव्हर्लीहून बस.

न्यूकॅसलमध्ये असाल तर सगळ्यात सोपं. मेट्रोत बसा आणि साउथ शील्ड्सला उतरा. ओशन रोडवर कोलमन्स १९२६ पासून आहे. याच घराण्याने २०१७ मध्ये समुद्रासमोरच्या एका जुन्या घुमटाकार इमारतीत दुसरं रेस्टॉरंट काढलं. त्या इमारतीला गावकरी कित्येक वर्षं ‘गांधीज टेंपल’ म्हणत आले आहेत. आई-बाबांना फोटोसाठी ही जागा नक्की दाखवा. त्याच ओशन रोडवर करी हाउसेसची रांग आहे, म्हणजे घरात एकमत झालं नाही तरी कोणी उपाशी राहत नाही.

एडिंबराहून फाइफच्या किनाऱ्यावरचं ॲन्स्ट्रदर. छोटं बंदर, तिथेच स्कॉटलंडच्या मासेमारीचं संग्रहालय, आणि ॲन्स्ट्रदर फिश बार. लीव्हनपर्यंतची रेल्वे जून २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तिथून बस. ॲबर्डीनकडे गेलात तर स्टोनहेवन: द बे हे २०१३ चं विजेतं दुकान अगदी किनाऱ्याच्या फरसबंदीवर आहे. पिठात तळलेला मार्स बार याच गावात १९९० च्या दशकात जन्मला. एकदा चौघांत मिळून एक खाऊन पाहा, दुसऱ्यांदा कोणी मागत नाही.

लंडनहून एका दिवसात हेस्टिंग्ज गाठता येतं. ऑल्डबरालाही जाता येतं, पण सॅक्समंडमला उतरून पुढे बस. तिथलं हाय स्ट्रीटवरचं दुकान १९६७ पासूनचं आहे आणि लोक पुडकं घेऊन समुद्राच्या गोट्यांवर बसून खातात. कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोला रिक स्टाइन यांच्या दुकानासाठी लोक जातात. रेल्वे बॉडमिन पार्कवेपर्यंतच आहे आणि ऑगस्टमध्ये गावात पाय ठेवायला जागा नसते. मे किंवा सप्टेंबर बघा.

शेटलंडला कोणी फक्त फिश अँड चिप्ससाठी जात नाही. पण गेलातच, तर ब्रे गावातलं फ्रँकीज (२०१५ चं विजेतं) चुकवू नका.

१०. पुरस्कार मिळालेलं दुकान म्हणजे खात्रीचं ना?

बऱ्यापैकी. नॅशनल फिश अँड चिप अवॉर्ड्स ही स्पर्धा नॅशनल फेडरेशन ऑफ फिश फ्रायर्स भरवते. ही तळणाऱ्यांची संघटना १९१३ पासूनची आहे. चवीबरोबरच मासा कुठून आणला, कर्मचाऱ्यांना काय शिकवलं, स्वच्छता कशी, हेही तपासतात. म्हणून वर मी वर्षं दिली. पण दुकान विकलं जातं, मुख्य तळणारा निघून जातो आणि पाटी तशीच राहते. पाच वर्षांहून जुन्या पुरस्काराला प्रश्न ४ मधली परीक्षा लावाच.

शिवाय विजेते समुद्रकाठचेच असतात असंही नाही. २०२४ चं विजेतं शिप डेक हे वेल्समधल्या केअरफिलीचं, तिथे किल्ला आहे, किनारा नाही.

११. काउंटरवर मागे रांग आहे, समोरची बाई काहीतरी भराभर विचारतेय. काय सांगायचं?

ती बहुधा तीनच गोष्टी विचारते: साइज, मीठ-व्हिनेगर हवं का, आणि उघडं देऊ की बांधून. लगेच खाणार असाल तर ‘ओपन’, चालत जाणार असाल तर ‘रॅप्ड’.

प्रदेशाप्रमाणे मात्र गोंधळ होतो. स्कॉटलंडमध्ये ‘फिश सपर’ म्हणजे चिप्ससकट. नुसतं ‘फिश’ म्हणालात तर फक्त मासा येईल. एडिंबरात मीठ-व्हिनेगरऐवजी ‘सॉल्ट अँड सॉस’ विचारतात, म्हणजे पातळ केलेला आंबट तपकिरी सॉस. घ्या, छान लागतो. यॉर्कशरमध्ये ‘फिशकेक’ मागितलात तर बटाट्याच्या दोन चकत्यांमध्ये माशाचा तुकडा घालून तळलेला येतो, कटलेट नाही. उत्तरेत ‘स्कॅलप’ म्हणजे शिंपला समजून घेतलात तर पिठातली बटाट्याची चकती मिळेल, म्हणजे आपली बटाटाभजीच, त्यामुळे तक्रार करायला फारसं कारण नाही. आणि ‘स्क्रॅप्स’ किंवा ‘बिट्स’ म्हणजे तळणीत सुटलेली पिठाची चुरचुरीत कणी. ती पुष्कळदा फुकट असते, पण न मागता मिळत नाही.

१२. ते तपकिरी व्हिनेगर खरं असतं का?

कधी माल्ट व्हिनेगर, कधी ‘नॉन-ब्रूड कॉन्डिमेंट’, म्हणजे ॲसेटिक ॲसिड, पाणी आणि रंग. दुसरं स्वस्त, आणि त्यात बार्ली नाही, म्हणून ग्लूटेन टाळणाऱ्यांना तेच सोयीचं.

१३. आम्हाला फार फिकं लागतं. तिखट काही मिळतं का?

करी सॉस मिळतो, पण त्याच्या नावावर जाऊ नका. तो पिवळसर, गोडसर, घट्ट असतो आणि आपल्या कोणत्याही रश्श्याशी त्याचं नातं नाही. चिप्सवर ओतून खाल्ला तर मजेदार, माशावर नको. खरा उपाय म्हणजे भरपूर व्हिनेगर, थोडं जास्त मीठ आणि लोणच्यातला मोठा कांदा किंवा घेरकिन, म्हणजे लोणच्यातली छोटी काकडी. लसणाची सुकी चटणी डबीत घालून नेणारे लोक मला माहीत आहेत. चिप्सवर ती उत्तमच लागते. हॅडॉकवर घालण्याआधी मात्र दोन घास तसेच खाऊन बघा.

१४. किती पैसे पडतात? एक प्लेट दोघांत पुरते का?

नेऊन खायचं असेल तर दहा पौंडांपासून पुढे धरा. प्रसिद्ध गावात बसून खायचं तर पंधरा ते वीस. पूर्वी स्वस्तात पोट भरायचं, आता नाही. बॅरेंट्स समुद्रातला कॉडचा कोटा सलग कमी केला गेला, २०२२ मध्ये रशियन पांढऱ्या माशावर ब्रिटनने ३५ टक्के जादा कर लावला, तेल आणि गॅस महागले, आणि गरम पदार्थावर २० टक्के व्हॅट आहेच.

रेग्युलर मासा आणि चिप्स दोन मध्यम भुकेच्या माणसांना पुरतात. चिप्स तर उरतातच. दोन छोटे मासे आणि एकच चिप्स हा सर्वांत शहाणा हिशेब. बसून खायच्या जागी दुपारच्या वेळी किंवा ज्येष्ठांसाठी छोटी थाळी असते, त्यात चहा आणि लोणी लावलेला पाव येतो. सासू-सासऱ्यांसाठी तीच घ्या.

१५. चिप्स कधी सोनेरी, कधी काळे, कधी लिबलिबीत. त्याच दुकानात असं का?

दोष नेहमी तळणाऱ्याचा नसतो. साठवणीतल्या जुन्या बटाट्यात वसंत संपता संपता साखर वाढते आणि चिप्स लवकर काळवंडतात. मग जूनअखेर-जुलैत नवा बटाटा येतो, त्यात पाणी जास्त, म्हणून चिप्स मऊ पडतात. म्हणजे पर्यटकांची गर्दी सुरू होते तेव्हाच बटाटा सर्वांत अवघड असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मॅरिस पायपर जातीचा पक्व बटाटा मिळतो, तेव्हाचे चिप्स खाऊन बघा. चांगली दुकानं आज कोणता बटाटा, कोणत्या शेतातला, हे फळ्यावर लिहितात.

१६. रॉक सॅल्मन स्वस्त दिसतोय. हा सॅल्मनच का?

नाही. तो छोटा शार्क आहे, हस या नावानेही मिळतो, म्हणजे आपल्या मुशी-मोरीचा भाऊबंद. लंडन, केंट, ससेक्सकडे जास्त दिसतो. मालवणी मोरीचं मटण खाल्लेल्या माणसाला घट्ट मांस आणि काट्यांऐवजी मधलं कूर्चेचं दांडकं लगेच ओळखू येईल, आणि आवडेलही.

अडचण अशी की या नावाखाली अनेक जाती खपतात. एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये फिश अँड चिप्सच्या दुकानांतल्या अशा माशांचा डीएनए तपासला, तेव्हा बहुतांश नमुने स्पायनी डॉगफिशचे निघाले, आणि ही जात ईशान्य अटलांटिकमध्ये तोपर्यंत बेसुमार मासेमारीने खालावलेली होती. जात कोणती हे दुकानदाराला सांगता येत नसेल तर हेक किंवा हॅडॉक घ्या. एमएससी या, टिकाऊ मासेमारीला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची निळी खूण पाटीवर असेल तर मासा प्रमाणित ठिकाणाहून आला आहे.

१७. कधी जावं? रविवारी उघडं असतं का?

दुपारी साडेअकरा ते दोन आणि संध्याकाळी साडेचार-पाचपासून, हा जुना पाठ. मोठ्या पर्यटनगावांत दिवसभर चालू असतं. लहान गावांत रविवार, सोमवार बंद असू शकतात आणि हिवाळ्यात तर आठवड्याचे निम्मे दिवस. शुक्रवार हा माशाचा वार, आणि गुड फ्रायडे म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी रांग. उघडल्याबरोबर पहिल्या अर्ध्या तासात गेलात तर रांग टळते. अगदी पहिलाच घाणा टाळला तर उत्तम, तळणी तोवर लयीत आलेली नसते.

१८. दारावरच्या हिरव्या-काळ्या स्टिकरवरचा आकडा बघावा का?

बघा. अन्नस्वच्छतेचे ० ते ५ गुण असतात. वेल्समध्ये २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ पासून ते लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये ऐच्छिक. म्हणजे इंग्लंडमध्ये स्टिकर दिसतच नसेल तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर दुकानाचं नाव टाका. स्कॉटलंडमध्ये आकडा नाही, फक्त पास किंवा सुधारणा हवी. चवीशी याचा काही संबंध नाही.

१९. सीगल खरंच हातातून ओढून नेतात का?

नेतात, आणि मागून येऊन नेतात. भिंतीला किंवा दुकानाच्या काचेला पाठ टेकून उभे राहा. पक्ष्याकडे रोखून बघणं हा उपाय थट्टेचा वाटतो, पण एक्झेटर विद्यापीठाने २०१९ मध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर चिप्सची पिशवी ठेवून प्रयोग केला, तेव्हा माणूस टक लावून बघत असताना सीगलला जवळ यायला सरासरी २१ सेकंद जास्त लागले. लहान मुलांना मध्ये बसवा. कौतुकाने एकाला चिप टाकू नका; वीस येतात, आणि काही गावांत दंडही आहे.

२०. उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करून खाता येतं का?

घरी नेतानाच काळजी घ्या. डब्याचं झाकण घट्ट लावलं की वाफेने आवरण भिजतं. कागदात सैल गुंडाळून वरून उघडं ठेवा. थंड झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी एअर फ्रायर किंवा ओव्हनमध्ये मासा बऱ्यापैकी जमतो, मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नाही. त्याहून बरं म्हणजे आवरण काढून टाका, मासा कुस्करा, उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर घालून रव्यात घोळवा आणि तव्यावर शॅलो फ्राय करा. चिप्सवर मात्र कष्ट वाया घालवू नका.